गरम सॉसेज, गार कालवं

रेजिस दारिगादच्या पदरात त्या रविवारी बरंच काही पडण्यासारखं होतं. देलमासच्या वाइन बारमधली पगारी मॅनेजरकी संपून भागीदारी मिळणार होती. दारावरच्या पाटीत मालकाच्या नावाखाली त्याचं नाव येणार होतं. देलमासनं पाण्यावर टाकलेला लाकडी कट्टा बहिणीच्या खोपीपाशी येऊन अडला होता, तो पुढे टोकापर्यंत जाणार होता. म्हणजे सूर्य बुडताना बघायची सगळी टेबलं एका गल्ल्याखाली. शिवाय वरच्या मजल्यावरची खाडीकडे तोंड असलेली राहायची जागा. खर्चाच्या बाजूला बाब एकच : एक बहीण, सख्खी, वय एकसष्ट. दुसरा कुणी असता तर ही बाब कुठल्या रकान्यात धरायची म्हणून त्यानं निदान डोकं खाजवलं असतं. रेजिसनं ती धरलीच नाही.

मी पाववाली. ओदील माझं नाव. पहाटे भट्टी, सकाळी गाडी, आणि ला ग्रावेतच्या बंदरातलं एकही दार मी चुकवत नाही. माणसं स्वतःबद्दल काय सांगतात ते मी ऐकते आणि पाव किती घेतात ते बघते. दोन्हींत फरक पडला तर पावावर विश्वास ठेवते. पाव वाढले की पाहुणे, घटले की भांडण. विधुर कास्तेरा एकदम दोन लांब पाव घ्यायला लागला, तेव्हा त्याच्या लग्नाची बातमी मला नवरीच्या आधी कळली होती.

माय्लीस दारिगादचे पाव वर्षानुवर्षं तेवढेच. उन्हाळ्यात एक टोपली, हिवाळ्यात अर्धी. बाई पण तशीच, एका मापाची. तिची खोपी धक्क्याच्या शेवटी, काळ्या फळ्यांची, भरतीला पाणी थेट पायऱ्यांना लागतं. ओहोटीला ती सपाट होडी घेऊन आपल्या कालवांच्या वाफ्यांवर जायची, भरतीबरोबर परत यायची, आणि दुपारी खोपीपुढच्या टेबलांवर तीच कालवं उघडून लोकांपुढे ठेवायची. सोबत पाव, लोणी, लिंबू, गार पांढरी वाइन. फार तर आदल्या दिवशीची उकडलेली कोळंबी. आमच्याकडे कालवं पिकवणाऱ्याला एवढंच वाढायची परवानगी आहे. गरम काही नाही, जाळ नाही, कॉफी नाही, गोड नाही. ते रेस्टॉरंटवाल्यांचं. बाकीच्या खोप्यांवर ओळखीच्या माणसाला मागल्या दारानं एखादी कॉफी मिळायची. माय्लीसकडे नाही.

"मादाम, निदान एक कॉफी तरी?" पॅरिसचा एखादा विचारायचा.

"नाही."

"अहो, यंत्र नकोय. नुसतं गरम पाणी द्या, पूड मी आणलीय."

"गरम पाणी हवं असेल तर ऑगस्टात या आणि खाडीत बसा."

एकदा एका पोरसवदा आईनं बाळाची दुधाची बाटली कोमट करून मागितली. माय्लीसनं बाटली घेतली, स्वतःच्या स्वेटरच्या आत घातली आणि उन्हात खुर्ची टाकून बसली. बाळ रडतंय, आई बघतेय, गिऱ्हाइकं हसतायत. थोड्या वेळानं तिनं बाटली काढून दिली. "अंगाची ऊब परवान्यात येत नाही," म्हणाली.

तिची ही कडक वागणूक सोवळेपणाची नव्हती, भीतीची होती. जमीन सरकारची, किनारा सरकारचा. आपलं काय, तर एक परवाना. तो ठरावीक मुदतीनं नवा करावा लागतो आणि त्यावर डाग असून चालत नाही. माय्लीसला नवरा नव्हता, मूल नव्हतं, चर्चला ती फक्त मयतीला जायची. त्या टेबलांवर दुपारी माणसं बसायची, तेवढंच तिचं गणगोत. आणि तिच्या परवान्याची मुदत येत्या जानेवारीत संपत होती.

देलमास बोर्दोहून आला तो तीन वर्षांपूर्वी. जुनं जाळी-दुरुस्तीचं गोदाम घेतलं, समोरून सगळी काच लावली, पाट्यांवर खडूनं वाइनची नावं लिहिली, थंडीत बाहेर बसणाऱ्यांच्या डोक्यावर शेगड्या टांगल्या. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला एवढं गोड बोलता येत नाही. तो आधी माय्लीसकडे फुलं घेऊन गेला.

"मादाम, तुमची कालवं आणि माझी टेबलं. तुम्हाला वाढायचा त्रास कशाला?"

"मला त्रास होत नाही."

"वय होतंय."

"वय तुमचंही होतंय, मस्यू. तुम्ही टेबलं मला द्या."

मग तक्रारी सुरू झाल्या. कुणाच्या सहीच्या, ते कुणी विचारलं नाही. सरकारी माणसं दोनदा अचानक आली. एकदा खोपीतलं फडताळ उघडून बघितलं, एकदा मागची राख बघितली, ती निघाली शेजारच्याच्या जुन्या खुर्चीची. दोन्ही वेळा त्यांनी डझनभर कालवं खाल्ली, पैसे दिले आणि 'मादाम, असंच चालू द्या' म्हणून गेले. तिच्याकडे सापडण्यासारखं काही नव्हतंच. बाहेरच्या माणसाला तर नाहीच नाही.

म्हणून मग आतला माणूस आला.

मी असं म्हणते खरी, पण वसंतात रेजिस गावात उतरला तेव्हा त्याच्या मनात काय होतं, ते मला माहीत नाही. कदाचित तेव्हा काहीच नसेल. पन्नाशीचा, केस अजून काळे, कपडे इस्त्रीचे. तीस वर्षं तो बाहेरच होता. मोठमोठ्या हॉटेलांत त्यानं वाइन ओतली, दोन बायका केल्या, दोन्ही मोडल्या. देलमासनं त्याला मॅनेजर म्हणून आणलं. माय्लीसला कळलं तेव्हा ती हातात कालव उघडायचा सुरा घेऊन धक्क्यावरून अशी पळत गेली की बघणाऱ्याला वाटावं खून होणार. तिनं त्याला मिठी मारली. त्याच्या पांढऱ्या शर्टावर चिखल उठला. तो म्हणाला, "लीली, अगं, सुरा तरी ठेव."

लीली हे तिचं लहानपणचं नाव. ते घेणारं माणूस आता जगात एकच उरलं होतं.

त्या उन्हाळ्यात माय्लीस बदलली. कॉफी मागणाऱ्याला ती आता म्हणायची, "कॉफी? ती काय काचेत दिसतेय. माझा धाकटा भाऊ आहे तिथे. सांगा माय्लीसनं पाठवलंय." गोड हवं असेल तरी तिकडेच. रेजिसचे पाव वाढले, ते मी मोजत होते. तो तिच्याकडून कालवं घ्यायचा आणि गिऱ्हाइकांना खिडकीतून बोट दाखवायचा : "ती बघा, ती निळ्या स्वेटरवाली, तिनं आज सकाळी काढलेली आहेत." लोकांना ते फार आवडायचं. मी माय्लीसला म्हटलं, "तुझ्याकडे बोट दाखवून तो वाइनच्या बाटलीला किती जास्त लावतो, विचार तरी."

"तू ना ओदील, चर्चमधल्या मेणबत्त्यासुद्धा मोजशील."

"मोजते. कमी असतात."

ती हसली. ती उन्हाळाभर हसत होती. म्हणून मी पुढे बोलले नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी तिची टोपली उतरवत होते, तेव्हा रेजिस आला. मफलर गुंडाळलेला, हातात कसाबाच्या दुकानाचा कागदी पुडा.

"उद्या काय आहे, आठवतंय?" त्यानं विचारलं.

"बाबांना जाऊन वर्षं झाली ती मोजायची नाहीत असं ठरलंय आपलं," माय्लीस म्हणाली.

"मोजायला नाही म्हणत. जेवायला म्हणतोय. बाबांचा रविवार करू."

बाबांचा रविवार म्हणजे काय, ते आमच्या गावात सांगावं लागत नाही. म्हातारा दारिगाद द्राक्षमळेवाल्या मित्राकडून छाटणीच्या काड्यांच्या जुड्या आणायचा. रविवारी दुपारी त्यांचा जाळ करून त्यावर बोटाएवढी तिखट सॉसेज भाजायचा आणि ती गार कालवांबरोबर खायची. आमच्या प्रांतात कालवं खायची खरी रीत हीच. सॉसेजनं जीभ पोळून घ्यायची, वरून कालव सोडायचं, मग घोटभर वाइन. पोळणं आणि निवणं, आलटून पालटून. तेव्हा खोपीपुढे टेबलं नव्हती, त्यामुळे वाढायचा परवानाही नव्हता.

माय्लीस पुड्याकडे बघत राहिली. "इथे नाही. माझ्या घरी करू."

"तुझ्या घरी गॅस आहे, लीली. बाबांची जाळी इथे आहे. भिंतीला तशीच टांगलेली आहे, मी रोज बघतो."

"जाळ केला तर परवाना जाईल."

"गिऱ्हाइकाला वाढलं तर जाईल. मी गिऱ्हाईक आहे का?" तो हसला. "बहिणीनं भावाला जेवायला घालायचं नाही, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? दाखव मला."

"उद्या टेबलं चालू असतात."

"नोव्हेंबरात कोण येतंय? आणि आलंच तर त्याला त्याची गार कालवं दे. आपण मागे बसू. ओदीललाही बोलाव. साक्षीदार असू दे, म्हणजे तुला झोप लागेल."

साक्षीदार हा शब्द त्यानं स्वतःहून उच्चारला, हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. कुणाला त्यात काही वाटलं नाही.

माय्लीसनं जाळी भिंतीवरून काढली. तिच्यावर गंज होता. तिनं ती वाळूनं घासली आणि म्हणाली, "एकदाच हं."

रविवारी ऊन होतं, वारा नव्हता, खाडी ताटलीसारखी. खोपीच्या मागे, पाण्याच्या बाजूला, तिनं काड्यांची जुडी पेटवली. त्या काड्या भराभर जळतात. वास आधी गोड येतो आणि मग धुरकट. सॉसेजची चरबी निखाऱ्यावर टपटपली तसा तो वास धक्काभर पसरला. रेजिसनं चांगली पांढरी बाटली आणली होती. आम्ही तिघं एका लहान टेबलाभोवती बसलो. त्यानं पहिलं सॉसेज उचललं, तोंडात टाकलं, 'हा हा हा' करत तोंड उघडं ठेवलं, आणि माय्लीसनं त्याच्या जिभेवर कालव सोडलं. लहानपणी सोडायची तसंच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चटक्यानं आलं असेल. पण मी समोर बसले होते आणि मला तरी ते दोन प्रकारचं वाटलं. म्हणूनच पुढचं सगळं अवघड आहे. तो नाटक करत होता, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

पुढच्या टेबलांवर दोघंच होती. मोहरी रंगाचा मफलर घातलेला माणूस आणि बोटाबोटांत अंगठ्या घातलेली बाई. डझनभर कालवं आणि अर्धी बाटली मागवलेली. मी पाव कापून नेऊन दिला. त्यांनी पावाला हात लावला नाही. कालवं खायला येऊन पावाला हात न लावणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. मला तेव्हा फक्त माझ्या पावाचा अपमान वाटला.

बाई नाक वर करून म्हणाली, "काय सुंदर वास! आम्हाला पण द्या ना थोडं."

"ते विकायला नाही, मादाम," माय्लीस मागून म्हणाली. "घरचं जेवण आहे."

"आम्ही पैसे देऊ!"

"म्हणूनच नाही."

तेवढ्यात रेजिस उठला. बशीत चार सॉसेज घेतली आणि पुढे घेऊन गेला. "घ्या, घ्या. आज आमच्या वडिलांचा दिवस आहे. त्यांच्या नावानं उपाशी कुणी बघत बसायचं नाही."

"रेजिस!" माय्लीस म्हणाली.

"अगं, मी देतोय. माझ्या ताटातलं आहे. तू कुठे देतेयस?"

भाऊ वडिलांच्या नावानं वाटतोय, त्याच्या हातातून बशी ओढून घेणारी बहीण अजून जन्मायची आहे. मफलरवाल्यानं फोन काढून बशीचा फोटो घेतला. हल्ली सगळेच काढतात. माझ्या पावांचे तर लग्नातल्या नवरीपेक्षा जास्त निघतात.

डिसेंबरात पत्र आलं. तक्रार होती, फोटो होता, आणि त्या दोघांचं म्हणणं : आम्ही गिऱ्हाईक म्हणून बसलो होतो, आम्हाला गरम पदार्थ वाढला गेला. परवाना खात्याची माणसं जागा बघायला आणि म्हणणं ऐकायला येणार होती. माय्लीसनं पत्र मला वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. ती घाबरली नव्हती. मला ते आजही डोळ्यांपुढे दिसतं : ती अजिबात घाबरली नव्हती.

"त्यात काय आहे? घरचं जेवण होतं. भावानं स्वतःच्या ताटातलं दिलं. तो सांगेल ना."

"तू बोललीस का त्याच्याशी?"

"बोलायचं काय? तो होता की तिथे."

"तरी बोल."

"ओदील, भावाला काय पढवायचं असतं? साक्षीदाराला पढवतात."

खात्याकडून दोघं आले : एक पिकल्या मिशांचा साहेब आणि एक तरुण बाई, जिचे बूट पहिल्याच पायरीवर भिजले. माय्लीसनं त्यांना पुढच्या टेबलाशी बसवलं. काही विचारलं नाही, काही पुढे केलं नाही, पाणीसुद्धा नाही. लाच वाटेल म्हणून. आधी मला विचारलं. मी जे बघितलं ते सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण मादामना पाव पुरवता?"

"हो."

"किती वर्षं?"

"माझ्या आईपासून."

"मैत्रीण आहात?"

"पाव पुरवते म्हणून मैत्रीण नाही. मैत्रीण आहे, तरी पैसे वेळेवर देते."

ते हसले, पण लिहून घेतलं. माझ्या साक्षीचं वजन किती भरलं ते मला त्यांच्या पेनावरून कळलं.

मग रेजिसला बोलावलं. तो काचेच्या दारातून निघाला आणि कट्ट्यावरून चालत आला. गडद सूट होता. बहिणीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती सोडून तो साहेबांच्या बाजूला उभा राहिला. माय्लीस त्याच्याकडे बघून हसली आणि खुर्ची जरा सरकवली.

"मस्यू दारिगाद, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"मी जेवायला आलो होतो," रेजिस म्हणाला. आवाज हॉटेलातला. गिऱ्हाइकाला 'तो मासा संपला' असं सांगतात तसा. "मादाम दारिगाद यांनी खोपीच्या मागे जाळ केला होता. सॉसेज आणि कालवं वाढली. इतर टेबलांवरही तेच होतं."

पहिल्यांदा तिला कळलंच नाही. मादाम दारिगाद म्हणजे त्यांची आई. गावात ते नाव फक्त तिचं होतं. माय्लीसनं खरोखर मान वळवून मागे बघितलं.

"ते कौटुंबिक जेवण होतं, असं मादाम म्हणतात," तरुण बाई म्हणाली.

"मी त्या वेळी शेजारच्या व्यवसायाचा मॅनेजर म्हणून आलो होतो. आमच्यात कालवांचा व्यवहार आहे. मी वाइन स्वतःची आणली होती, कारण..." तो थांबला. "कारण मला फुकट खायचं नव्हतं."

"आणि त्या दोघांना बशी कुणी दिली?"

खाडीवर एक होडी गेली. तिचा आवाज सरेपर्यंत तो होडीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल. त्याचे ओठ हललेही.

"बशी मी उचलून नेली. मला तसं सांगण्यात आलं होतं."

"कुणी?"

"मादामनी."

साहेबांनी विचारलं, "मादाम, आपल्याला काही सांगायचंय?" तिनं रेजिसच्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही. जाळ मी केला होता. ते खरं आहे."

मी उठून ओरडले. काय ओरडले ते इथे लिहीत नाही. तरुण बाईनंही लिहून घेतलं नाही, तिचे आभार.

खात्याची माणसं गेल्यावर माय्लीस कट्ट्यावर त्याच्यामागून गेली. पळत नाही, चालत. मी टोपली उचलायचं निमित्त करून जवळच राहिले.

"का रे?" तिनं विचारलं. एवढंच.

तो देलमासच्या काचेकडे बघत होता. "तुला बाबांनी खाडी दिली. मला हॉटेलच्या शाळेची फी दिली. तीस वर्षं मी लोकांच्या खुर्च्या मागे ओढतोय. तुला ठाऊक आहे का, रोज दुपारी तुझ्याकडे खिडकीतून बोट दाखवताना कसं वाटतं?"

"खाडी तुला नको होती. तुला चिखलाची किळस यायची."

"मला कुणी विचारलं नाही."

"माझ्याकडे मागितली असतीस."

"आणि तू दिली असतीस?"

"अर्धी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मी तर वाटच बघत होते."

केसानं गळा कापणं म्हणतात ना आमच्यात, ते तोवर मी नुसतं बोलायची. त्या दिवशी बघितलं. केसानं त्यालाही थोडं कापलं असावं. पण दार काचेचं होतं, आणि तो आत गेला.

जानेवारीत निर्णय आला. कालवं पिकवायची परवानगी राहिली, पेटीनं विकायची राहिली. लोकांना बसवून वाढायची गेली. माय्लीसनं टेबलं स्वतः उचलून खोपीत रचली, मदत घेतली नाही. रेजिसला कालवं देणं तिनं बंद केलं. त्यानं दुसरीकडून मागवायला सुरुवात केली, उत्तरेकडची, मोठाली. वसंतात कट्टा पुढे सरकला; फळ्या नव्या, पिवळ्या, तिच्या पायऱ्यांना जवळजवळ चिकटलेल्या. पाटीवर त्याचं नाव आलं. वरच्या खिडकीत पडदे आले.

आणि मे महिन्यात बाहेरच्या फळ्यावर सुंदर अक्षरात खडूनं लिहिलेलं आलं : 'बाबांचा रविवार : गार कालवं, काड्यांवर भाजलेली गरम सॉसेज, एक पेला पांढरी वाइन.' मी गाडी थांबवून ते दोनदा वाचलं. गाव हळहळलं. गावानं रविवारी टेबलंही राखून ठेवली. पदार्थ चांगला होता आणि दुसरीकडे मिळत नव्हता.

माय्लीसला मी सांगणार नव्हते. पण तिच्या दारातून तो फळा दिसायचाच. एका रविवारी, भर दुपारी, ती माझ्याकडे आली. निळ्या स्वेटरऐवजी अंगात कोट, केस विंचरलेले. म्हणाली, "चल. जेवायला जाऊ."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बाबांचा रविवार जेवायची जागा आता एकच आहे."

आम्ही गेलो. टेबल पाण्याच्या कडेचं मिळालं, जिथून तिची खोपी मागून दिसते. वाढणाऱ्या मुलीनं फळ्यावरचं म्हणून दाखवलं. माय्लीसनं शांतपणे सगळं ऐकलं. "दोन द्या," म्हणाली. "नंतर कॉफी. आणि गोडात काय आहे?"

"लिंबाची टार्ट, मादाम."

"ती पण."

सॉसेज आली. तिनं एक तोंडात टाकलं, वर कालव सोडलं, वाइनचा घोट घेतला. सावकाश, नीट, एकही न टाकता. मी विचारलं, "कसं आहे?"

"जाळ बरोबर आहे," ती म्हणाली. "कालवं फार मोठी आहेत. तोंडात मावेपर्यंत पोळलेलं निवून जातं."

एवढीच टीका. मग कॉफी झाली, टार्ट झाली. कट्टा भरलेला होता, आणि हळूहळू त्या सगळ्या टेबलांवर सुरीकाट्यांचा आवाज कमी होत गेला, कारण रेजिस आतून बाहेर आला होता. तो आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा कागदासारखा.

"लीली," तो हळूच म्हणाला, "बिल नाही घ्यायचं. आमच्याकडून."

माय्लीसनं पर्स उघडली. "बिल आणा, मस्यू," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. त्याला पहिल्यांदाच 'अहो' म्हटलं, एवढंच.

"लीली, प्लीज. लोक बघतायत."

"बघू द्या. फुकट खायला मी कोण लागते तुमची?"

तो उभाच राहिला. शेवटी ती मुलगी बिल घेऊन आली. माय्लीसनं चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पावाचे लावलेले नाहीत. लावा." मुलीनं लावले. तिनं नोटा मोजून बशीत ठेवल्या, मुलीसाठी वेगळी बक्षिसी ठेवली, खुर्ची स्वतः मागे सरकवली आणि पायऱ्यांवरून आपल्या खोपीकडे गेली. ओहोटी लागली होती. तिला वाफ्यांवर जायचं होतं.

तेव्हा आता ताळा. देलमासनं फळ्यांचे आणि खिळ्यांचे पैसे दिले, ते पहिल्याच उन्हाळ्यात सुटले. मोहरी मफलरवाल्यानं डझनभर कालवांचे दिले, आणि तेही त्याला कुणी परत दिले असतील. गावानं रविवारी जेवणाचे दिले आणि पोट भरून घेतलं. मी काही दिलं नाही. खरं सांगायचं तर कट्ट्याला पाव जास्त लागतात, माझी टोपली मोठी झाली. रेजिसला सगळं मिळालं, जे जे त्यानं धरलं होतं ते सगळं, आणि त्यानं छदामही दिला नाही. माय्लीसनं टेबलं दिली, भाऊ दिला, बापाचा रविवार दिला. आणि वर त्याच रविवारचं बिलही भरलं, पावासकट.